तापाने नियम वाचून यावे

महाड एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणाऱ्या पोलादपूरकराने आजारी जरूर पडावे, फक्त मुहूर्त बघून. कर्मचारी राज्य विमा योजनेत मजुरीच्या ७० टक्के आजारपण भत्ता मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. मात्र पहिले दोन दिवस कोरडे. म्हणजे तीन दिवसांच्या तापातला सरकारमान्य ताप एकच दिवसाचा; आधीचे दोन दिवस अंग उगाच तापले. हां, भत्ता मिळालेल्या आजारपणानंतर १५ दिवसांत पुन्हा आडवे झालात, तर ही अट सुटते. जंतूंनी थोडे सातत्य दाखवावे, एवढेच.

शिवाय जुलैच्या धो धो पावसातला ताप पात्र की अपात्र, हे ठरते आदल्या ऑक्टोबर ते मार्चच्या हजेरीवर. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. ठेकेदाराने थंडीत ‘ब्रेक’ दिला असेल, तर पावसाळ्यातला ताप बेकायदा! नोकरीला लागतानाच महिना २१,००० रुपयांहून जास्त पगार असलेल्याला तर योजनेत प्रवेशच नाही. तो बहुधा निरोगी असतो.

हे सगळे कळलेला कामगार दाखल्याच्या रांगेत उभाच राहत नाही. पॅरासिटामॉल घेतो आणि पहिल्या पाळीला हजर होतो.