दीड, अडीच, साडेतीन

माझी सगळी नोकरी एसटीत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. उशिरा आलेल्या गाडीला प्रवासी शिव्या घालतात, पण तिच्यातच बसून गावाला जातात. गाडी वेळेच्या पाच मिनिटं आधी सुटली, तर मात्र मोर्चा थेट डेपो मॅनेजरच्या केबिनवर. त्यामुळे नातीचं लसीकरणाचं कार्ड हातात आलं, तेव्हा ते तयार करणाऱ्या माणसाने काही काळ एखाद्या स्टँडवर काढला असणार, अशी माझी खात्री पटली. नियम तोच. उशीर एकवेळ चालेल, लवकर चालणार नाही.

घरात हे पटलेला मी एकटाच होतो.

मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. जगात आल्याआल्या नातीला डाव्या दंडावर बीसीजी, मांडीत काविळीची लस आणि तोंडात पोलिओचे दोन थेंब मिळाले. या पोलिओच्या डोसचा क्रमांक शून्य. तो जन्मापासून १५ दिवसांच्या आत द्यायचा, काविळीची लस २४ तासांच्या आत. या दोन गाड्या मात्र कुणासाठी थांबत नाहीत.

पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांनी. कार्डावर आठवडे असले तरी आमच्या आशाताई 'दीड, अडीच, साडेतीन' म्हणतात, आणि गावात तेच चालतं. पुण्याच्या विहीणबाई तिथीने मोजतात. म्हणजे एकाच बाळाचं वय आरोग्य केंद्रात आठवड्यांत, अंगणात महिन्यांत आणि सासरी पंचांगात. तिन्ही जुळवायला मी जुनी लॉगशीटची वही काढली. "निवृत्त झालात ना?" असं हिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

पहिल्या महिन्यात गडबड झाली ती बीसीजीवरून. टोचल्यावर काहीच दिसलं नाही, म्हणून हिला शंका आली की लस लागलीच नाही. काही आठवड्यांनी तिथे फोड आला, तेव्हा शंका आली की जास्त लागली. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी हळद सुचवली, शेजारणीने खोबरेल तेल, आणि माझ्या मेव्हण्याने फोनवरून कोरफड. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काही लावू नका. तो फोड यायलाच पाहिजे, आपोआप जाईल, वण राहील." काहीही न करणं हा उपाय आमच्या घराला नवा होता. त्या फोडाकडे नुसतं बघत बसताना हिचे फार हाल झाले.

दीड महिन्याचा डोस म्हणजे तीन सुया आणि तोंडातून दोन औषधं. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची, उजव्या दंडावर पोलिओची. शिवाय पोलिओचे थेंब आणि जुलाबाची रोटा. पेंटा ही एकटीच पाच जणींचं काम करते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब. यातल्या पहिल्या तिघांची नावं माझ्या आजीच्या बोलण्यात पाहुण्यांसारखी यायची. तिला मुलं किती, असं विचारलं तर ती दोन आकडे सांगायची, झालेली आठ आणि राहिलेली पाच. त्यात तिला वेगळं काही वाटत नसे, कारण शेजारीही दोनच आकडे सांगत.

नात तिन्ही सुयांना रडली आणि लगेच गप्प झाली. तिच्यानंतर बराच वेळ रडत होते ते जावईबापू.

खरा पेच अडीच महिन्यांच्या डोसचा. विहीणबाईंचा फोन आला.

"व्याही, बाळाला न्यायचा मुहूर्त निघालाय. त्याआधी तो डोस उरकून घ्या."

"मुहूर्तानंतर आठवड्याने आहे तो."

"म्हणूनच म्हणते, आठवडा आधी घ्या. सरकारी कामात एक आठवडा म्हणजे काय हो?"

सरकारी काम लवकर व्हावं अशी मागणी करणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली, पण त्याला नकार द्यायची पाळी पहिल्यांदाच आली. मी सिस्टरांकडे गेलो. त्या बर्फाच्या डब्यातून लसीची बाटली काढून तिच्यावरचा बारका चौकोन न्याहाळत होत्या. बाटलीला उष्णता लागली की तो चौकोन गडद होत जातो. भोवतीच्या वर्तुळाइतका काळा झाला की बाटली बाद. लबाडीला वावच नाही. आमच्या डिझेलच्या टाकीवर असा चौकोन असता तर काही जणांची पेन्शन धोक्यात आली असती.

"दोन डोसांत कमीत कमी चार आठवडे पाहिजेत," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्याने शरीराला नुसती ओळख होते. ती मुरायच्या आत दुसरा दिला तर बाळ रडेल तेवढंच, डोस धरता येत नाही."

"आणि उशीर झाला तर?"

"झाला तर जिथे राहिलंय तिथून पुढे. पहिल्यापासून नाही करायचं. पण मुद्दाम करू नका, तेवढे दिवस लेकरू उघड्यावर." मग म्हणाल्या, "आणि एवढं कशाला? कार्ड घेऊन जाऊ द्या. पुण्यातही हीच लस फुकट मिळते."

हे मी विहीणबाईंना कळवलं. फुकट म्हटल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "आमच्याकडे सगळे पेनलेस घेतात," त्या म्हणाल्या. हे पेनलेस म्हणजे सुई टोचत नाही, अशी त्यांची समजूत. सुई तीच. फरक डांग्या खोकल्याच्या भागात असतो. साध्या लसीत त्याचे मारलेले जंतू अख्खे असतात, 'पेनलेस'मध्ये त्यांचे निवडक तुकडे, म्हणून ताप आणि सूज कमी. पण अख्ख्या जंतूने शिकवलेला धडा शरीराच्या जास्त दिवस लक्षात राहतो. म्हणजे हजारो रुपये मोजून बाळाला मार कमी आणि अभ्यासही कमी. हे मी त्यांना सांगितलं नाही. व्याही आहे मी, डॉक्टर नाही. मुलीने सांगितलं. सासूला असं सांगायचं धाडस तिच्यात कुठून आलं, याची लस कार्डावर कुठे दिसत नाही.

मुहूर्तावर मुलगी नातीला घेऊन सासरी गेली. डोस तिकडे पुण्यात झाला, ठरल्या आठवड्यात, एकाच सुईचा. अडीच महिन्यांना सुई एकच असते, हे कळल्यावर जावईबापू स्वतः घेऊन गेले.

मला लोक विचारतात, एवढ्या डोसांचं कौतुक काय. १९९५ च्या डिसेंबरात पहिल्या पल्स पोलिओला आमच्या स्टँडवर टेबल मांडलं होतं. माइकवर गाड्यांच्या मधे मी लहान मुलांना पुकारत होतो. काही आया परत रांगेत येत, दोन थेंबांनी एवढं तर चार थेंबांनी किती, या हिशेबाने. पुढे १३ जानेवारी २०११ ला हावड्यातला रुग्ण देशातला शेवटचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्यात माझ्या माइकचा वाटा किती, हे महामंडळाने कधी कळवलं नाही.

आता साडेतीन महिन्यांचं ऐका. मुलगी चार दिवस माहेरी आली, डोस आमच्या सिस्टरांकडे. तीन सुया झाल्या, नात रडून गप्प झाली, सिस्टरांनी पेन उघडलं आणि कार्ड मागितलं. जावईबापूंनी ते मोठ्या काळजीने पिशवीतून काढलं. भिजू नये, फाटू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून आणलं होतं. पेन त्यावरून घसरत गेलं.

"पुढच्या तारखा कुठे लिहू?" सिस्टरांनी विचारलं.

शेवटी मार्करने लिहिल्या. परवा विहीणबाईंचा फोन होता, कार्डावर कुणीतरी काळी शाई सांडली होती, मी सॅनिटायझरने चकाचक पुसून काढली म्हणाल्या. मी लॉगशीटची वही उघडून त्यांना नऊ महिन्यांची, गोवर-रुबेलाची तारीख दिली. "पंचांग बघून सांगते," त्या म्हणाल्या, "आधी चालेल ना?"