उज्जैनचा पडताळा

क्ष + य = ५ आणि २क्ष − य = १ ही जोडी आलेखाने सोडवायची तर आधी बिंदूंचा तक्ता करतात. पहिल्यासाठी (०, ५) आणि (५, ०). दुसऱ्यासाठी (०, −१) आणि (३, ५). रेषेला दोन बिंदू पुरतात. तिसरा घ्यायचा तो पहिल्या दोघांवर पाळत ठेवायला. रेषा जिथे छेदतात तिथले निर्देशक म्हणजे उत्तर: (२, ३). पेन्सिल बोथट असेल तर ते (२.२, २.८) असेही दिसते, आणि भोवती ठळक गोल केला की खरेही वाटू लागते.

म्हणून पडताळा. २.२ आणि २.८ पहिल्या समीकरणात घातले की बेरीज बिनचूक ५ येते. इथेच अनेक विद्यार्थी समाधानाने वही मिटतात. दुसऱ्यात मात्र १ च्या जागी १.६ निघतात. एकाच बाजूची मंडळी खूश आहेत एवढ्यावर लग्न ठरत नाही. रेषा समांतर निघाल्या तर उत्तरच नाही, एकीवर एक पडल्या तर अगणित. पैकीच्या पैकी गुण मात्र दोन्हीकडे मिळू शकतात.

उज्जैन हे असेच एक गाजलेले उत्तर. प्राचीन भारतीय ज्योतिषाची शून्य रेखांशाची मध्यरेषा उज्जैनवरून जाते, आणि कर्कवृत्त तिला तिथेच छेदते, असे परंपरा सांगते. पहिले समीकरण सुटणारच. रेषाच गावावरून ओढलेली! दुसरे अडते. कर्कवृत्त आज सुमारे २३°२६′ वर आहे, शहर २३°११′ च्या आसपास. फरक १५ कलांचा, म्हणजे अंदाजे २८ किलोमीटर. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेल्या आणि माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतलेल्या वेधशाळेत २१ जूनच्या माध्यान्ही मीटरभर काठी उभी केली, तर गणिताप्रमाणे तिची सावली जेमतेम अर्धा सेंटीमीटर पडते, तीही दक्षिणेला. एवढी चूक बोथट पेन्सिलीच्या खात्यावर सहज खपली असती.

उज्जैनचेच पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी ती खपवली नाही. छेदनबिंदू शोधत त्यांनी उत्तरेचे डोंगला गाव गाठले. तिथे आता वराहमिहिरांच्या नावाची वेधशाळा आहे.

पण पृथ्वीचा कल हळूहळू कमी होत असल्याने कर्कवृत्तच वर्षाला सुमारे १५ मीटर दक्षिणेकडे सरकते. या चालीने ते उज्जैनला पोहोचायला जवळपास दोन हजार वर्षे लागतील. डोंगल्याचे उत्तर त्याच्या कितीतरी आधी चुकलेले असेल.