तात्यांची एम.बी.

पहाटे गोगाबाबा टेकडीवर फिरायला येणाऱ्या नवख्यांना तात्या मोठे भाविक वाटतात. मान खाली, ओठ पुटपुटताहेत, मध्येच थांबून वहीत काहीतरी टिपताहेत. जुन्यांना माहीत आहे की ते नामस्मरण नसून ‘तीनशे बारा, तीनशे तेरा’ आहे. अशा वेळी ‘राम राम, तात्या’ म्हणायचं नाही. आकडा चुकतो, तात्या पुन्हा खाली उतरतात आणि पाप आपल्याला लागतं.

त्या वहीला तात्या एम.बी. म्हणतात. पाटबंधारे खात्यात हयात गेली, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. मेजरमेंट बुकात जे चढलं नाही ते काम झालंच नाही, हा त्यांचा धर्म. नातवाची उंचीसुद्धा ‘भिंतीलगत, चप्पल वगळून’ अशा शेऱ्यासह नोंदलेली आहे.

चढउताराचं प्रकरण मात्र अलीकडचं. दुबईच्या जावयाने लाल समुद्रातल्या क्रूझचं बुकिंग केलं. जहाज जॉर्डनच्या अकाबा बंदराला लागणार, तिथून बसने दोनेक तासांवर पेट्रा, आणि संध्याकाळच्या आत परत जहाजावर. लेकीने माहितीपत्रक पाठवलं. त्यात प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसाचं चित्र होतं. काचेच्या तळाच्या बोटीपुढे एक माणूस, बाजारात हिंडण्यापुढे दोन, पेट्रापुढे तीन. खाली बारीक अक्षरांत ऊन, वाळू, खडबडीत वाट, आणि गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी विचार करावा असा सल्ला. तात्यांनी विचार केला नाही, आराखडा केला.

“तीन माणसं म्हणजे नेमकं किती रे?” त्यांनी मला विचारलं.

“म्हणजे अवघड, तात्या.”

“अवघड हे माप नाही.”

मग मापं काढली. फाटकापासून ‘खजिना’ नावाच्या त्या प्रसिद्ध कोरीव दर्शनी भागापर्यंत दोनेक किलोमीटर. त्यातलं सव्वा किलोमीटर सीक नावाच्या उंच, चिंचोळ्या घळीतून. वरच्या अंगाला अद-दैर नावाचं दुसरं मोठं लेणं, तिथे जायचं तर आणखी आठशेच्या वर पायऱ्या. गेलं तसंच चालत परत, आणि परतीची वाट चढाची. गाढवं भाड्याने मिळतात असं मी सुचवून पाहिलं. “गाढवावरून धिंड निघते, सहल नाही,” तात्या म्हणाले आणि विषय संपला.

आता जे सांगतोय ते तात्यांना आवडणार नाही. वेरूळ त्यांच्या घरापासून तीस किलोमीटर. आयुष्यात पन्नासेक वेळा तरी ते तिथे गेले असतील, पण लेणी त्यांनी पाहिलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. आमच्या सगळ्या शहराचाच हा स्वभाव आहे. पुण्याहून पाहुणे आले की गाडी काढायची, त्यांना तिकीटखिडकीपाशी सोडायचं आणि आपण समोर चहा पीत बसायचं. ‘तुम्ही बघून या, आम्ही काय नेहमीचेच.’ वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे या नेहमीच्यांना पाहुण्यांसकट दारात पोचल्यावर आठवतं. (माझ्या बाबतीत दोनदा.) तात्यांची मजल कैलासापर्यंत, कारण सोळा नंबर दारासमोरच आहे. अजिंठ्याला ते खालीच डोलीवाल्यांशी गप्पा मारत बसत. चौघांच्या खांद्यांवर किती किलो येतात आणि दर काय पडतो, हे त्यांना पाठ होतं. पहिल्या नंबरचा पद्मपाणी मात्र त्यांनी कॅलेंडरवरच पाहिलेला.

तर पेट्राच्या निमित्ताने हा माणूस पहिल्यांदा आपल्या गावच्या दगडात शिरला.

सुरुवात दौलताबादने. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीकरांना इथवर चालवत आणलं, ती तात्यांच्या मते इतिहासातली सर्वांत वाईट नियोजनाची सहल: पाण्याची सोय नाही, गुडघ्यांची चौकशी नाही. स्वतः तात्या जय्यत तयारीनिशी गेले. नी-कॅप, ओआरएसच्या पुड्या, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला विचारलं तर म्हणाले, “वाळवंटात आवाज पोचत नाही.” घोटाळा झाला तो अंधारीत. खंदकावरचा पूल ओलांडला की किल्ल्याच्या पोटातून जाणारी ती काळीकुट्ट वळणावळणाची वाट. वर वटवाघळं, पायाखालची पायरी दिसत नाही. तिथे मोजणी तुटायची. तीन रविवारी तीन आकडे आले. गाईडने साडेसातशे सांगितल्यावर तात्यांनी त्याला फरकाचा खुलासा मागितला. चौथ्या रविवारी त्याने लांबूनच तात्यांना पाहिलं आणि तो दुसऱ्या गटाबरोबर पुढे निघून गेला.

वेरूळला मात्र त्यांना वेगळंच काही झालं. चौतीसच्या चौतीस लेणी पायी करायची ठरली होती. बारा नंबरच्या तीन मजली तीन तालात जिने चढताना दोनदा गुडघा धरून बसले. तिथून कैलासात आले आणि अंगणात उभे राहून एकदम वहीच काढली. ब्याऐंशी मीटर लांब, शेहेचाळीस रुंद, मागच्या अंगाला तीस मीटर खोल. वरवरचा हिशेब, मधलं मंदिर वजा न करता, चाळीस हजार ब्रास. तात्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

“कळसापासून खाली खोदत आलेत रे,” ते हळू आवाजात म्हणाले. “हत्तीची सोंड तुटली तर भर घालायची सोय नाही. एक्स्ट्रा आयटम नाही, रिव्हाइज्ड एस्टिमेट नाही. हे मंजूर कोणी केलं?”

“राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक.”

“आणि आम्ही चारीचं एक गेट...” पुढचं त्यांनी गिळलं.

पेट्रासुद्धा वरूनच खाली कोरलंय, हे मी सांगितलं तेव्हा ते जरा हिरमुसले. खजिना चाळीस मीटर उंच, म्हणजे कैलासाहून दहा मीटर जास्त, हे तर लागलंच. पण तात्या सरकारी माणूस, सेवाज्येष्ठतेत तोडगा निघाला. वेरूळ-अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत १९८३ ला, पेट्रा १९८५ ला. “दोन वर्षांनी ज्युनिअर आहे. शिवाय त्यांची नुसती दर्शनी भिंत, आपलं चारी बाजूंनी काम.”

या सगळ्यात काकूंकडे कोणाचं लक्ष नव्हतं. काकू दर श्रावणात शनिवारच्या आदल्या रात्री गल्लीतल्या बायकांबरोबर खुलताबादला भद्रा मारुतीला चालत जातात. पंचवीसेक किलोमीटर, अनवाणी, घाट चढून. सकाळी दर्शन घेऊन एसटीने परत येतात आणि दुपारी वरण-बट्टीचा बेत असतो. एम.बी.त याची एकही नोंद नाही. मी विचारलं तर तात्या म्हणाले, “ते चालण्यात धरत नाहीत. ते देवाचं.” काकूंनी क्रूझसाठी एकच तयारी केली: बूट आणले. “अनवाणी गेले तर लेकीची अब्रू जाईल.” तात्या घरातला जिना पाठीवर सॅक टाकून चढू-उतरू लागले तेव्हा त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “काय करू राहिलेत हे? तिकडं माणसं हिंडायला जातात, हे भरतीला चालले.”

निघायला आठ दिवस उरले असताना तात्यांनी अंतिम चाचणी घेतली: पुन्हा दौलताबादचा किल्ला, एका दमात, पाण्याच्या सहा बाटल्या पाठीवर. चढ निर्धोक पार पडला. उतरताना मात्र डावा गुडघा सुजून कलमी आंब्याएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती. तात्या म्हणाले, तिकीट. शेवटी दोघांचंही ऐकलं गेलं.

पुढचं मला व्हिडिओ कॉलवरून कळलं. तात्या सीकमधून लंगडत का होईना खजिन्यापर्यंत पोचले, बाकावर बसले आणि बसूनच राहिले. समोर गुलाबी दगडात नबातियन लोकांनी कोरलेले खांब, शेजारी उंट, हातात गोड काळा चहा. थोडक्यात, वेरूळचीच बैठक. काकू, लेक आणि जावई पुढे गेले. अर्ध्या पायऱ्यांवर जावई बसला, पाऊण झाल्यावर लेक. काकू साडीचा पदर खोचून अद-दैरपर्यंत जाऊन दोन तासांनी परत आल्या.

“काय आहे वर?” तात्यांनी विचारलं.

“भलामोठा दरवाजा. आत एक खोली. रिकामी.”

“बस्स?”

“समोर चहाचं दुकान आहे. दोन घोट घेतले. तुमच्यापेक्षा स्वस्त पडला.”

“आणि पायऱ्या किती?”

“अहो, मी काय त्या मोजायला गेले होते?”

तात्या परत आल्यावर मी एम.बी. मागून घेतली. पेट्राचं पान तारीख घालून, रूळ ओढून नीट मांडलेलं आहे. फाटक ते खजिना: प्रत्यक्ष मोजमाप, पावलांत. सीकची रुंदी: चार ठिकाणी, हात पसरून. शेवटची ओळ अशी: ‘अद-दैर, पायऱ्या अंदाजे ८००. काम करणार: सौ. तपासणी: बाकी.’