वाढवण्याआधी वाचा

दागिने धुवायला बसण्याआधी नवशिक्याने बोलायला शिकावं. बांगडी फुटत नाही, ती वाढवते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढवतं. ब्रश जरा जोरात फिरला आणि मणी फरशीवर सांडले, तर ‘तुटलं!’ असं ओरडायचं नाही. शांतपणे ‘वाढवलं’ म्हणायचं आणि खाटेखाली शिरायचं. सोलापुरात एवढ्याने भागत नाही. आपले काळे मणी वरच्या मजल्यावरच्या अक्कांचे करीमणी असतात आणि समोरच्या पद्मशाली घरात नल्लपूसलु. काचेचा मणी तोच, मोहरीएवढा, पण तो हरवला की तीन भाषांतून सल्ले येतात.

आता साहित्य. चार रिठे रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा. सोनारही रिठ्यानेच उजळतात, तेव्हा बाटलीतल्या निळ्या-गुलाबी द्रावणांचं कौतुक नको. मऊ झालेला जुना ब्रश घ्या. पाणी वाटीभर पुरे. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, त्यामुळे बादली मागितलीत तर घरात वेगळंच महाभारत सुरू होईल. ही टंचाई दागिन्यांच्या पथ्यावरच पडते, कारण बरेचसे दागिने मळाने नाही, धुण्याने खराब होतात. मी हे ठुशीवरून सांगतोय.

ठुशी बायकोची. गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावरच्या एका दुकानातून घेतलेली, ‘वन ग्रॅम, काळी पडणार नाही’ या बोलीवर. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी ती मला मंद वाटली. देवघरातली समई चिंचेने लखलखते हे मला ठाऊक होतं, म्हणून तिलाही चिंच लावली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यावर चढलेला काळपट थर चिंचेच्या आंबटात विरघळतो आणि खालचं पितळ झळकतं. हे समईला ठीक, कारण ती आतबाहेर पितळच. वन ग्रॅमच्या ठुशीवर मात्र सोन्याचा नुसता धूर दिलेला असतो. घासल्यावर ठुशी चमकली खरी, पण समईसारखी. ती घालून बायको हळदीकुंकवाला गेली नाही, आणि मला आठवडाभर चहा विचारून मिळाला नाही.

तेव्हा नियम असा की आधी अंगाची चौकशी करा. मुलामा असेल तर ओलसर सुती फडक्याने पुसा, संपलं. अस्सल जुनी ठुशी किंवा बोरमाळ असेल, तर पोकळ मण्यांच्या पोटात लाख भरलेली असू शकते. तिला उकळत्या पाण्यात टाकलंत तर लाख मऊ होऊन बाहेर डोकावेल. मे महिन्यात पारा 43च्या पुढे जातो तेव्हा गच्चीवर वाळत घालायलाही नको. नथीला लिंबू लावू नका. मोती खरा असेल तर आंबटाने त्याचं तेज खरवडलं जातं, आणि काचेवर रंग चढवलेला असेल तर तो रंग सोलला जातो. दोन्हीकडून नुकसान तुमचंच. तांड्यावरच्या बाईची चांदीची घुगरी-टोपली हाती आली तर नक्षीच्या खाचांतला काळेपणा राहू द्या, त्याच्यामुळेच नक्षी दिसते. आणि ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तांबं, जस्त, निकेल सगळं असतं, चांदी तेवढी नसते. तिच्यावर चांदीचे प्रयोग करून हिरमुसू नका.

काचेच्या मण्याचं मात्र कौतुक करावं. घाम, हळद, तेल, अत्तर, काहीही बाधत नाही. दगा देतो तो दोरा. ओला दोरा ताणला जातो, भोकात पाणी मुरतं, वरून सगळं कोरडं दिसतं आणि आतून दोरा कुजत राहतो. तारेत गुंफलेलं असेल तर पितळी तारेवर हिरवट बुरशीसारखं काही उगवतं. म्हणून माळ बुडवायची नाही. फडकं रिठ्याच्या पाण्यात भिजवून, पिळून, मणी चिमटीत धरून पुसायचे. दोरा काळा, चिकट झालाच असेल तर पटवेकऱ्याकडे जाऊन नव्याने गाठवून घ्यावं. तेवढ्या वेळात गळा मोकळा नको म्हणून सासूबाई दोऱ्यात हळकुंड बांधून देतात. ते धुवावं लागत नाही.

कोरडं करायला सोलापुरी टॉवेल घेऊ नका. गावाचा अभिमान समजू शकतो, चादरीबरोबर त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. पण त्याच्या अंगावरचे ते हजारो फासे नथीची तार आणि ठुशीचा आकडा असे काही पकडतात की सोडवताना पुन्हा वाढवायची वेळ येते. जुन्या धोतराचा तुकडा बरा.

हात अगदीच शिवशिवत असतील तर बोरन्हाणाला बाळाला घालतात ते हलव्याचे दागिने घ्या. साखरेचेच असल्यामुळे त्यांना पाणी, रिठा, ब्रश काहीच चालत नाही. मुंग्या लागल्या तर लागू द्या. त्या मण्याला धक्का न लावता दोऱ्यापर्यंत पोचतात.