नाचणीचा चार्ज

"मामा, दहा-बारा दिवस नाचणी ठेवशील ना?" असं भाचीने पुण्याहून फोनवर विचारलं, तेव्हा मी "त्यात काय, कणगी रिकामीच आहे" म्हणून मोकळा झालो. आमच्या पाबळला नाचणी पिकत नाही. आमची बाजरी. पण येणारं धान्य नको कशाला म्हणा?

डिसेंबरातल्या एका सकाळी भाची आली. गाडीतून आधी माणसाच्या कमरेएवढा पिंजरा उतरला, मग सुक्या गवताचं पोतं, शहाबादी फरशीचा एक तुकडा, राखेसारख्या बारीक धुळीचा डबा आणि खाण्याच्या दोन पिशव्या. पिंजऱ्यावरची चादर बाजूला झाली. आत दोन मोठे कान, मिशा आणि मधे करड्या लोकरीचा गोळा. "ही नाचणी," भाची म्हणाली. मी कणगीकडे बघितलं आणि गप्प बसलो.

नाचणी जातीने चिंचिला. मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. मॅथियस चॅपमन नावाच्या एका अमेरिकन खाण-अभियंत्याने १९२३ साली ११ चिंचिला चिलीहून कॅलिफोर्नियाला नेल्या. आज घरोघरी पाळल्या जाणाऱ्या बहुतेक चिंचिलांचं कूळ त्या अकरांपर्यंत जाऊन पोचतं. तिच्या अंगावर एकेका मुळातून पन्नास-साठ केस उगवतात, हे भाचीने माझ्या डोक्याकडे न बघता सांगितलं. एवढ्या केसांमुळे थंडी बाधत नाही, पण पारा २५ अंशांच्या वर चढला की जीव कासावीस होतो. मे महिन्यात पाबळ चाळिशीला टेकतं, तेव्हा ती इथे एक दिवस टिकली नसती. डिसेंबर होता म्हणून, आणि आमच्या माजघराच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड आहेत म्हणून ही पाहुणी आली. शहाबादीचा तुकडा पोट टेकून गार बसायला. पाण्याने अंघोळ घालायची नाही, केस आतून वाळत नाहीत. अंघोळ धुळीची.

"मग पाबळातच जन्माला यायचं की," माझ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात त्यातली निम्मी वर्षं गेली असावीत.

दुपारपर्यंत गावात बातमी फिरली. बाहेरचा माणूस पाबळला येतो तो मस्तानीची समाधी बघायला, नाहीतर विज्ञान आश्रमात. आता गावातलाच माणूस आमच्या माजघरात येऊ लागला. घूस, ससा, खार, मांजराचं पिल्लू असे चार अंदाज झाले. शेजारच्या आबांनी पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारून मुद्द्याचा प्रश्न विचारला, "भाऊसाहेब, दूध किती?"

मी तहसील कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली. लोक अजून भाऊसाहेब म्हणतात आणि मी अजून नोंदवही ठेवतो. भाचीला हे ठाऊक होतं. म्हणूनच तिने सगळ्यात अवघड काम माझ्या गळ्यात घातलं. नाचणीचं खाणं बदलायचं होतं.

दोन पिशव्यांपैकी जुनी फारच देखणी. आत हिरव्या-तांबड्या गोळ्या, मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, केळ्याच्या सुक्या चकत्या. एकूण रूप दिवाळीच्या चिवड्याचं. नवी पिशवी म्हणजे नुसत्या करड्या-हिरव्या, एकसारख्या, चेहरा नसलेल्या गोळ्या. मला अर्थातच पहिली आवडली.

"तिलाही तीच आवडते," भाची म्हणाली. "तिथेच घोटाळा आहे. ती बिया आणि केळं निवडून खाते आणि कामाच्या गोळ्या टाकून देते. पुण्यातल्या डॉक्टरांनी मला झापलं."

यावर आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं पाहिलं, की चिवड्यातले काजू कुठे जातात याचा निकाल तिथेच लागला. सगळ्या गोळ्या एका तोंडवळ्याच्या असल्या की निवडीला जागा उरत नाही. घासागणिक सगळं पोटात जातं. कंटाळवाणी गोळी हीच चांगली गोळी, हे सूत्र पचायला मला दोन दिवस लागले.

गोळी पेंडीतलं मात्र मला कळतं. आमच्याकडे हौसा नावाची संकरित गाय आहे. हौसाची पिशवी मी पंचांगासारखी वाचतो. म्हणून नव्या पिशवीवरचे आकडे बघून मी चाट पडलो. हौसाच्या पेंडीवर लिहिलेलं असतं, तंतू कमाल १२ टक्के. म्हणजे याहून जास्त चोथा घातलेला नाही, मालक, खात्री बाळगा. नाचणीच्या पिशवीवर तंतू *किमान* इतके टक्के, आणि आकडा विशीच्या पुढचा. एक कंपनी चोथा कमी म्हणून मिरवते, दुसरी जास्त म्हणून.

कारण साधं आहे. हौसा कडबा खाते, चोथा तिला तिथून मिळतो. पेंड दुधापुरती. नाचणीला दूध द्यायचं नाही, माळावर चरायचं नाही, सगळा जन्म पिंजऱ्यात उड्या मारायच्या. तिचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजायला दिवसरात्र सुकं गवत रवंथ केल्यासारखं चावावं लागतं. गवत हेच जेवण. गोळी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूचं लोणचं: दिवसाला पोह्याचे दोन चमचे, बस. हौसाचा हिशेब अंगासाठी किलोभर आणि वर लिटरमागे चारशे ग्रॅम. त्या हिशेबात हौसाच्या एका दिवसात नाचणीचे कित्येक महिने निघतील.

पिशवीवर घटकांची यादी असते, त्यात जो पहिला तो सगळ्यात जास्त. पहिलं नाव गवताचं हवं. मका, मळी, साखर पहिल्या रांगेत बसलेली दिसली की पिशवी खाली ठेवायची. बिया, शेंगदाणे, सुकामेवा, रंग काही नको. प्रथिनं सोळा ते वीस टक्क्यांच्या आसपास. तारीख ताजी, कारण ठेवून ठेवून जीवनसत्त्वं उडून जातात. तारखेचं मला पटलं. पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेल्या पोत्याच्या तळाला बुरशी धरते, हे ज्याने एकदा बघितलं तो पोतं फळीवर ठेवतो आणि हुंगल्याशिवाय घमेल्यात ओतत नाही.

यादीत अल्फाल्फा असं एक नाव होतं. भाचीने फोनवर चित्र दाखवलं आणि मी ओरडलोच, "अगं, हा तर लसूणघास! आबांच्या विहिरीपाशी दोन गुंठे उभा आहे!" मी विळा घेऊन निघालोही होतो. तिने अडवलं. वाढत्या पिलाला ठीक, मोठ्या जनावराला त्यात चुना जास्त होतो, आणि हिरवागार ओला घास अचानक घातला तर पोट फुगतं. म्हणून टिमोथी. हे गवताचं नाव आहे. मला आधी ते एखाद्या पाद्र्याचं वाटलं होतं.

"मग हौसाची मूठभर पेंड?" मी विचारलं. पाहुण्याला घरचं काहीच द्यायचं नाही, हे मनाला लागत होतं. तर तेही नाही. सरकी, मका, मळी, आणि काही पेंडींत थोडा युरियासुद्धा असतो. गाईच्या पोटातले जंतू त्या युरियातून प्रथिनं बनवतात. नाचणीच्या पोटाची ती ऐपत नाही.

पोटातल्या जंतूंशी माझी ओळख जुनी आहे, आणि ती अपमानाची आहे. दोन वर्षांपूर्वी पेंडीच्या दोन पोत्यांवर एक स्टीलची बादली फुकट मिळत होती. बादली छान होती. मी जुनी पेंड तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळपासून हौसाला नवी घातली, तीसुद्धा बादलीच्या आनंदात ओंजळभर जास्त. तिसऱ्या दिवशी हौसाने रवंथ थांबवलं. शेण पातळ झालं. दूध अकरा लिटरवरून सातावर आलं, आणि संकलन केंद्रावरच्या पावतीत फॅट असं घसरलं, की तिथल्या पोराने मलाच विचारलं, "भाऊसाहेब, पाणी कितीचं?" पेंड वाईट नव्हती. वाईट मी होतो. डॉक्टर आले, खाण्याचा सोडा दिला, औषध दिलं, आणि बादलीकडे बघून म्हणाले, "हिच्या पोटात जंतूंचं एक गाव वसलंय. त्यातले निम्मे जुन्या पेंडीवर पोसलेले. तुम्ही रातोरात धान्य बदललंत, गाव उठलं." त्या बादलीतून दूध काढताना मला अजून चोरट्यासारखं वाटतं.

गाईचं हे गाव पोटाच्या पुढच्या अंगाला असतं, चिंचिलाचं मागच्या, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी. शिवाय चिंचिलाला उलटी करता येत नाही. गेलेलं परतीच्या वाटेने येत नाही. सगळी चूक पुढेच सरकते किंवा अडकून बसते.

माझ्या डोक्यात हे कचेरीच्या भाषेत बसलं. कारकुनाची बदली झाली की नवा माणूस सकाळी येऊन थेट खुर्चीत बसला तर आठ दिवसांत दफ्तराचा बोजवारा उडतो. जुना आणि नवा काही दिवस एका टेबलावर बसतात, फायली बघतात, चहा पितात, मग हळूहळू चार्ज जातो. भाचीचा तक्ता तसाच होता. पहिले तीन दिवस दीड चमचा जुनं, अर्धा चमचा नवं. पुढचे तीन दिवस एकास एक. मग अर्धा जुनं, दीड नवं. दहाव्या दिवशी नवा माणूस पूर्ण खुर्चीत. गवत आणि पाणी मात्र अखंड.

मी नवी वही काढली. रकाने आखले: दिनांक, जुने, नवे, गवत, वजन, लेंड्या, शेरा. वजन किराणा काट्यावर, सकाळी, ग्रॅममध्ये, कारण ५४० ग्रॅमच्या प्राण्यातले वीस-तीस गेले तर आपल्याकडचे दोन-चार किलो गेल्यासारखे. लेंड्यांचा रकाना मी शास्त्रीय निष्ठेने भरला. चांगली लेंडी कशी असते? शेळीचीच, पण साबुदाण्याहून जरा लांबट, कोरडी, टणक, एका मापाची. दिवसाला शे-दोनशे सहज. डॉ. कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि काम करता करता शिका असं पोरांना सांगितलं. चाळीस वर्षं मी त्या फाटकावरून नुसता येजा करत होतो. माझ्यावर परिणाम झाला तो हा असा, उकिडवा बसून लेंड्या मोजताना.

चार दिवस शेरा 'निरंक'. पहिल्या दोन रात्री नाचणीने चिवडा खाऊन नव्या गोळ्या वाटीबाहेर भिरकावल्या. तिसऱ्या रात्री एक उचलली, पुढच्या दोन पंजांत धरून भजं खाल्ल्यासारखी खाल्ली. मी सौभाग्यवतींना झोपेतून उठवून दाखवलं. त्यांनी ते कौतुकाने पाहिलं असं म्हणता येणार नाही.

सहाव्या दिवशी सकाळी लेंड्या मऊ. एकमेकींना चिकटलेल्या. माझ्या पोटात गोळा आला, तोही बिनतंतूचा. मी भाचीला फोन केला. तिने पहिलं विचारलं, "खातेय का?" गवत खात होती. "मग घाबरू नकोस. पण खाणं थांबवलं आणि दिवस गेला तर रात्र काढायची नाही, थेट डॉक्टर." चिंचिला बघणारा डॉक्टर पुण्यात, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर. मी गाडीत पेट्रोल आहे का ते बघून आलो. "आणि नवं वाढवू नकोस. पहिल्या पायरीवर ये. दुसरं काही दिलं का तिला कुणी?"

मी घरात चौकशी समिती नेमली. साक्षीपुरावा लांबला नाही.

"चार मनुका दिल्या हो फक्त," सासूबाई म्हणाल्या. "एकादशीच्या. दिवस-दिवस नुसतं गवत चघळतंय बिचारं. जावयाच्या घरी पाहुणा उपाशी राहिला असं लोकांनी म्हणायचं का?"

माझ्या घरचा पाहुणचार आणि अँडीजमधलं आतडं यांची ही गाठ होती. मी वहीत शेरा लिहिला: 'मनुका ४, सद्हेतूने.' मग दोन दिवस पहिली पायरी, गवत भरपूर. आठव्या दिवशी लेंड्या टणक. शेरा 'निरंक' लिहिताना मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता तेवढा आनंद झाला. पुन्हा एकास एक. अकराव्या दिवशी दीड चमचा नवं.

बाराव्या दिवशी भाची आली. चार्ज पूर्ण झाला नव्हता, अर्धा चमचा चिवडा बाकी होता. तो तिच्याकडे सोपवताना मी वहीतल्या पानांची नक्कल दिली आणि तिची सही घेतली. नाचणी ५४६ ग्रॅम भरली. आबा निरोप द्यायला आले होते. इतक्या दिवसांत दूध निघालं नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

गाडी गेली आणि त्याच संध्याकाळी माझ्या ताटात भात नव्हता. साखरेचा रिपोर्ट महिनाभर फडताळात पडून होता. सौभाग्यवतींनी मुहूर्त साधला होता. ताटात भाकरी होती. नाचणीची.

"अहो, असं रातोरात?" मी म्हणालो. "पोटातलं गाव उठेल. पहिले तीन दिवस तीन वाट्या भात, पाव भाकरी. मग एकास एक. तक्ता आहे."

त्यांनी वही मागून घेतली. मला वाटलं, पटलं. त्यांनी शांतपणे कोरं पान काढलं, रकाने आखले, लेंड्यांचा तेवढा गाळला, आणि पहिली नोंद केली. वजन ८३ किलो. भात तीन वाट्या, भाकरी पाव. आणि शेऱ्याच्या रकान्यात: 'डब्यातले काजू मोजले. १७. रोज मोजण्यात येतील.'