कोरम

आमच्या पतसंस्थेच्या आयटी विभागाचा मी प्रमुख. विभागात दुसरं कोणीच नाही, त्यामुळे पदाला धोकाही नाही. सांगलीच्या मुख्य कार्यालयात २३ संगणक, सातारा शाखेत २ लॅपटॉप, एवढं माझं साम्राज्य.

विंडोजचा घाऊक परवाना घ्यायचं ठरलं तेव्हा एक साधा मार्ग होता. एकच चावी घ्यायची, प्रत्येक संगणकाला एकदा लावायची, विषय संपला. पण त्याबरोबर माझीही गरज संपली असती. म्हणून मी केएमएसचा आग्रह धरला. आपलाच सर्व्हर, तोच सगळ्यांना मान्यता देणार, आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. संचालक मंडळापुढं ‘होस्ट’ हा शब्द मी असा काही उच्चारला की चेअरमननी चहाऐवजी कॉफी मागवली.

मेख अशी की, किमान २५ संगणकांनी हजेरी लावल्याशिवाय हा सर्व्हर एकालाही मान्यता देत नाही. म्हणजे कोरमच की! आणि सहकारात कोरम ही अडचण कधी नव्हतीच. वार्षिक सभेच्या नोटिशीत तळाला तजवीज असतेच : कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल, तिला कोरम लागणार नाही. काय तो अर्धा तास! अहवालांचे पंखे होतात, भडंगाच्या पुड्या सुटतात, ‘मंजूर, मंजूर’ म्हणणारी पुढच्या रांगेतली मंडळी घसे साफ करून घेतात, गेल्या वर्षी लाभांशावरून हमरीतुमरीवर आलेले दोघं एकमेकांच्या उसाला तोड कधी मिळणार याची चौकशी करतात. कृष्णाकाठचा अर्धा सहकार या अर्ध्या तासावर उभा आहे, असं माझं ठाम मत आहे. मायक्रोसॉफ्टच्या नियमांत तो अर्धा तास नाही.

तेव्हा साताऱ्याचे लॅपटॉप बोलवावे लागतात. तेही एकदा येऊन भागत नाही. ३० दिवस तोंड दाखवलं नाही की सर्व्हर हजेरीतून नाव काढतो, आणि दिलेली मान्यता १८० दिवसांनी सरते. शाखेतला शिपाई एसटीनं येतो. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले दोन्ही लॅपटॉप, त्यावर कंदी पेढ्यांचा पुडा.

“सायेब, ह्यास्नी सांगलीचं वारं लागल्याबिगर चालत न्हाई व्हय?”

मी त्याला १६८८ नंबरचा पोर्ट समजावून सांगतो. तो पेढे पुढं करतो.

एका संचालकांना हा सगळा खर्च उधळपट्टी वाटतो. “क्रॅक टाका की, कोण बघतंय?” इथं मात्र माझं डोकं फिरतं. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब आहे. प्रत चोरीची आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख दंड. आता वापरणारं कोण? संचालक संगणकाला हात लावत नाहीत. समोर बसते ती काउंटरवरची पोरगी. लॉगिन तिचं, नोंदीवर नाव तिचं. पगारवाढीच्या विषयाला जिची कुणाला आठवण होत नाही, ती इथं बरोबर पुढं. क्रॅकचा सल्ला इतिवृत्तात कधीच येत नाही. एकदा मी म्हटलं, रीतसर ठराव करू, सूचक-अनुमोदकांची नावं लिहून घेतो. त्यावर सगळ्यांना एकदम हळदीच्या भावाची आठवण झाली आणि परवान्याचं बिल पास झालं.

यंदा सांगलीला आणखी दोन संगणक घ्यावेत, असा विषय आलाय. तसं झालं तर कोरम घरच्या घरी भरेल, साताऱ्याची फेरी सहा महिन्यांतून एकदा पुरेल. विभागप्रमुख या नात्यानं मी सखोल अभ्यासाची गरज असल्याचा अभिप्राय दिलाय. पेढ्यांचा उल्लेख टाळलाय.