डाव्या हाताचं बंड

दहा इंच व्यासाच्या चाकावर पोलादाच्या पट्टीला वीस मिलिमीटर रुंदीचा खळगा पाडला, तर तो मधोमध किती खोल होतो? शाळेतली वर्तुळाची भूमिती झटकून हिशेब मांडला, की उत्तर येतं जेमतेम ०.४ मिलिमीटर. कागदाचे चार ताव, बस्स. एवढ्याशा खोलीपायी भली शिकली-सवरलेली माणसं रविवारची झोप सोडून पोलादाच्या पट्ट्या घासत उभी राहतात, त्यातल्या बऱ्याचशा भंगारात घालतात आणि वर याला छंद म्हणतात.

या खळग्याचं नाव हॉलो ग्राइंड. न्हाव्याचा जुना वस्तरा ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना तो ओळखीचा वाटेल : दोन्ही गाल आत गेलेले आणि धार इतकी पातळ, की नखावर दाबली तर लवते. जर्मनीतल्या झोलिंगनने अशा वस्तऱ्यांवर नाव कमावलं. शिकारीच्या चाकूला ही धार मिरवायला लावली ती मुख्यतः अमेरिकेतल्या बॉब लव्हलेसने. १९५४च्या सुमारास हा बोटीवर काम करणारा गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात रँडल कंपनीचा चाकू घ्यायला गेला. कित्येक महिने थांबावं लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. चारचौघं अशा वेळी नाव नोंदवून घरी जातात. याने भंगारातून पॅकार्ड मोटारीची स्प्रिंग मिळवली आणि स्वतःच चाकू घडवला. पुढे त्याच्या चाकूंसाठी लोक वाट पाहत बसले, तो भाग वेगळा.

लव्हलेसची गोष्ट ऐकून ज्याचं रक्त सळसळतं तो आधी यंत्र आणतो. दोन इंच रुंद, बहात्तर इंच लांब असा खरखरीत पट्टा मोटरवर गरगर फिरतो. समोर रबर चढवलेलं मोठं चाक, आणि त्या चाकाच्या गोलाईवर पातं टेकवायचं. धार वर, पट्टा खाली धावतोय. पात्याच्या कडेला आधी निळा रंग फासून त्यावर बरोबर मध्यावर दोन बारीक रेघा ओढलेल्या असतात. दोन्ही बाजूंनी घासत त्या रेघांपर्यंत यायचं आणि थांबायचं. ऐकायला सोपं आहे. सायकलही ऐकायला सोपीच असते.

पहिली बाजू बहुधा बरी जमते. उजव्या हातात मूठ, डाव्याचा अंगठा मागून हलकेच दाब देतोय, खळगा एकदा बसला की चाक त्यात आपसूक रुळतं, आवाजही एकसुरी होतो. शिकाऊ माणसाच्या चेहऱ्यावर मंद हसू येतं. मग पातं उलटून मूठ डाव्या हातात जाते, आणि जन्मभर फक्त ताट धरायला आणि घड्याळ बांधायला वापरलेल्या त्या हाताला अचानक कारागिरी करायची असते. तो बंड करतो. पातं कलतं, चाक रुळलेल्या खळग्यातून बाहेर उडी मारतं आणि शेजारी दुसरा खळगा पाडतं. तो पुसायला आणखी घासा. आता ही बाजू जास्त गेली, म्हणून पहिली थोडी घासा. शिकारीचा म्हणून हाती घेतलेला चाकू असा हळूहळू फळं कापण्याचा होतो आणि अखेर पाकिटं फोडण्याचा.

जाणकार सांगतात, हात हलवूच नका. कोपरं बरगड्यांना चिकटवा, मनगटं कुलूपबंद करा आणि कमरेतून डुला. म्हणजे चाकू हातांनी होत नाही, कमरेने होतो. लावणीच्या फडात हे कुणाला सांगावं लागलं नसतं. शिवाय मध्ये रेंगाळायचं नाही. क्षणभर थबकलात, तर तिथेच खड्डा. टोकाजवळ पातं वळतं, तिथे मूठ अलगद उचलावी लागते. नेमकं तिथेच पोलाद सर्वांत कमी असतं आणि चट्कन तापतं. पात्याला आधीच पाणी दिलेलं असेल, तर पाहतापाहता टोकावर सुंदर निळा रंग उमटतो. साध्या कार्बन पोलादावर तो ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास दिसतो, आणि त्याचा अर्थ एकच : पाणी उतरलं. म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवतात आणि बोटं उघडी ठेवतात. बोट पोळलं की पातं बुडवायचं. इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक थर्मामीटर बाजारात मिळत नाही.

मास्क मात्र चेष्टेवारी नेऊ नये. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शेफील्डमध्ये कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणारे कामगार तरुणपणीच छातीच्या दुखण्याने जात. दगडाची आणि पोलादाची धूळ फुप्फुसात साचे. आजच्या पट्ट्यांचीही धूळ उडतेच, म्हणून घरचे हसले तरी मास्क नाकावरच हवा. सैल बाह्या आणि गळ्यातला मफलर मात्र बाहेर खुंटीला.

धार झाली की परीक्षा हातावरच्या केसांवर. त्यामुळे हा छंद लागलेला माणूस ओळखायला सोपा : एका हातावर मनगटापासून कोपरापर्यंत टक्कल.

असा चाकू अखेर घरात येतो. कातडं सोलायला, पातळ काप काढायला तो अप्रतिम. पण खळगा जिथे संपतो तिथून पातं एकदम जाड होतं, त्यामुळे खोल चिरताना ते पाचरीगत अडकतं. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बहुतेक सपाट घासलेल्या असतात त्या यासाठीच. घरची मंडळी मोठ्या कौतुकाने नव्या चाकूची मूठ पाहतात, "छान झालाय हो" म्हणतात आणि लाल भोपळा चिरायला विळी काढतात.